आरोप त्याच्यावर, तपासणी तिची

प्रश्न असा आला आहे: "एखाद्या नेत्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की बायका तक्रार करणारीच्या बाजूने आणि पुरुष त्या नेत्याच्या बाजूने उभे राहतात, असं सगळे धरून चालतात. मला तर उलटंच दिसतं. 'हिचंच काहीतरी काळंबेरं असणार' हे आधी बायकाच म्हणतात. मग स्त्री-पुरुष असण्याने लोकांच्या प्रतिक्रियेत फरक पडतो की नाही? पडत असेल तर कुठे? आणि आपण मत कसं बनवायचं?"

गेली बावीस वर्षं मी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या चौकशी समित्यांवर काम करते आहे आणि अशा समित्यांच्या सदस्यांना प्रशिक्षणही देते. यातल्या काही तक्रारी निवडून आलेल्या लोकांविरुद्ध होत्या. त्या अनुभवावरून सांगते, फरक पडतो आणि चांगलाच पडतो. पण तुम्ही तो 'कोण कोणावर विश्वास ठेवतं' यात शोधताय, आणि तिथे तो फारसा सापडत नाही. विश्वास ठेवायचा की नाही, हे राजकारणात बहुतेक जण पक्ष बघून ठरवतात. ते एकदा ठरलं की अविश्वासाला कारणं लागतात. ती कारणं बाईसाठी एक असतात आणि पुरुषासाठी दुसरी. खरा फरक तिथे आहे.

आधी पक्षाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2017 साली अमेरिकेत अलाबामा राज्यात सिनेटच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर अनेक स्त्रियांनी आरोप केले. आपण किशोरवयीन असताना, तिशीतल्या मूर यांनी आपल्याशी गैरवर्तन केलं किंवा आपल्या मागे लागले, असं त्या सांगत होत्या. एकीचं त्यावेळचं वय चौदा होतं. मूर यांनी आरोप नाकारले. 12 डिसेंबरला ते थोडक्यात हरले. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या चाचणीत गोऱ्या स्त्रियांपैकी 63 टक्क्यांनी मूर यांनाच मत दिल्याचं दिसलं, आणि काळ्या स्त्रियांपैकी 98 टक्क्यांनी त्यांच्या विरोधकाला. दोन्ही बायकाच. एकाच बातमीकडे त्या इतक्या वेगळ्या नजरेने बघत होत्या, कारण त्यांची राजकीय घरं वेगळी होती.

हा एकाच पक्षाचा दोष आहे असं समजू नका. 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयासाठी नाव पुढे आलेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांनी शाळकरी वयात आपल्यावर लैंगिक अत्याचार केला असं सांगणाऱ्या क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांच्यावर ठामपणे विश्वास ठेवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या कितीतरी लोकांना, 2020 मध्ये टारा रीड या माजी कर्मचारी स्त्रीने याच पक्षाच्या जो बायडन यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला तेव्हा, 'हिने इतकी वर्षं काय केलं?' हा प्रश्न अचानक आठवला. बायडन यांनी आरोप साफ नाकारला होता. त्या आरोपाचा खरेखोटेपणा हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा हा की पुरावा नीट बघण्याआधीच लोकांचे प्रश्न बदलले होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. 1991 सालच्या ऑक्टोबरात अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिका अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे बसल्या. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव पुढे आलेले क्लॅरेन्स थॉमस हे आपले वरिष्ठ असताना आपल्याशी अश्लील बोलत, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर चौदा सदस्य, सगळे पुरुष, सगळे गोरे. एकाने त्यांना विचारलं, तुम्ही झिडकारली गेलेली बाई आहात का? थॉमस यांनी आरोप नाकारताना सांगितलं की हा वर चढू पाहणाऱ्या काळ्या माणसाचा झुंडबळी आहे, म्हणजे पूर्वी गोऱ्या झुंडी काळ्यांना ठार मारत तसाच प्रकार. त्या एका शब्दाने चर्चेची सगळी दिशा फिरली. हिलही काळ्याच होत्या, पण वंशाचा इतिहास थॉमस यांच्या बाजूला गेला आणि हिल यांच्या वाट्याला फक्त 'बाई' असणं उरलं. थॉमस 52 विरुद्ध 48 मतांनी न्यायमूर्ती झाले. लगेच घेतलेल्या जनमत चाचण्यांत हिल यांच्यापेक्षा थॉमस यांच्यावर विश्वास ठेवणारे जास्त होते. बायकांतही. वर्षभराने पारडं हिल यांच्याकडे झुकलं. वर्षभरात नवा पुरावा फार आला नव्हता. बदललं होतं ते लोकांचं कान देणं. चौदा पुरुषांपुढे एकटी बसलेली बाई लोकांनी टीव्हीवर पाहिली होती, ती प्रतिमा मनात मुरत गेली, आणि 1992 च्या निवडणुकीत चार नव्या स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या.

सत्तावीस वर्षांनी, 27 सप्टेंबर 2018 ला, त्याच समितीपुढे तसाच प्रसंग. सकाळी फोर्ड यांची साक्ष, दुपारी ब्रेट कॅव्हनॉ यांची. त्या दिवसाचं चित्रीकरण मी प्रशिक्षणात अनेकदा दाखवते, आधी आवाज बंद करून. फोर्ड वाकून बसलेल्या, चेहऱ्यावर सारखं 'माझ्यामुळे कोणाची अडचण तर होत नाही ना' असं. आवाज सुरू केला की त्याच सुरात बोलणं ऐकू येतं. मदत करायची तयारी, मध्येच कॉफीची विचारणा, घाबरले आहे हे आधीच कबूल करणं. दुपारी कॅव्हनॉ येतात ते चढ्या आवाजात. रागावतात, रडतात, दारू पिऊन कधी आठवेनासं झालंय का, असं विचारणाऱ्या सिनेटर एमी क्लोबुशार यांना 'तुमचं झालंय का?' असा उलट प्रश्न टाकतात आणि नंतर त्याबद्दल माफी मागतात. त्यांच्या समर्थकांना तो राग निरपराध माणसाचा वाटला. मग मी सदस्यांना एवढंच सांगते, दोघांची वागणूक मनातल्या मनात अदलाबदल करा. फोर्ड यांनी टेबलावर हात आपटून एखाद्या सिनेटरला उलट विचारलं असतं तर? बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

यामागे अभ्यासही आहे. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कामाच्या ठिकाणी राग दाखवणाऱ्या पुरुषाचं वजन लोकांच्या नजरेत वाढलं आणि राग दाखवणाऱ्या बाईचं घटलं. पुरुषाचा राग परिस्थितीमुळे आला असं लोकांनी मानलं, बाईचा राग तिच्या स्वभावामुळे. अत्याचाराची तक्रार करणारी बाई याच कात्रीत सापडते. रडली तर नाटक, नाही रडली तर 'हिला काहीच कसं वाटत नाही?' चिडली तर सूड, शांत राहिली तर पढवून आणलेली. त्याच्या बाबतीत मात्र सगळं एकाच बाजूला मोजलं जातं. चिडला तर खरा, रडला तर बिचारा, गप्प राहिला तर सभ्य.

एक प्रसंग सांगते. एका निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याविरुद्ध चौकशी होती. तक्रारदार पंचविशीची. सगळ्यात वाईट भाग सांगताना ती दोनदा हसली. घशात अडकलेलं, कोरडं हसू. अशा वेळी माणसं हसतात, रिकाम्या जागेकडे बघतात, तारखा विसरतात आणि भिंतीचा रंग मात्र त्यांना लख्ख आठवतो. दुसऱ्या दिवशी पदाधिकारी आले. फाइल टेबलावर टाकली, आवाज भरून आला, तीस वर्षांची समाजसेवा धुळीला मिळाली म्हणाले. संध्याकाळी माझ्या शेजारी बसणाऱ्या सदस्याची टिपणं मी वाचली. बाई अनुभवी, प्रामाणिक, तक्रारदाराशी फार मायेने वागलेल्या. एका पानावर लिहिलं होतं, "हसली, दोनदा." पुढच्या पानावर, "साहेब फार खचलेत." त्या रात्रीचे फोनवरचे संदेश किती वाजताचे होते, गाडी चालवणाऱ्याने कोणाला कुठे सोडलं, खोलीतून आधी कोण बाहेर आलं, याबद्दल दोन दिवसांच्या टिपणांत एक ओळ नव्हती. त्यांचा कोणताही वाईट हेतू नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. म्हणूनच तो प्रसंग मला विसरता येत नाही.

यातूनच बायका बायकांवर कडक का होतात, याचं उत्तर मिळतं. 'बाईच बाईची वैरी' हे वाक्य मला मनापासून खटकतं, कारण त्याने काहीच समजत नाही, फक्त विषय बंद होतो. पहिलं कारण भीती. तिच्यावर हे तिच्या चुकीमुळे ओढवलं असेल, तर ती चूक न करणारी मी सुरक्षित आहे. 'ती त्या वेळी तिथे गेलीच कशाला?' या प्रश्नात स्वतःला दिलेला दिलासा असतो. दुसरं कारण घरचं. ज्या बाईला नवरा आहे, मुलगा आहे, भाऊ आहे, तिला तक्रारदाराच्या जागी स्वतःला बघण्याआधी आरोपीच्या जागी मुलगा दिसतो. फोर्ड यांच्या साक्षीनंतर काही दिवसांनी डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की अमेरिकेतल्या तरुण पुरुषांसाठी हा फार भीतीदायक काळ आहे. ते वाक्य तरुणांच्या आयांपर्यंतही पोचलं, आणि नेमकं लागलं.

तिसरं कारण जास्त खोल आहे. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये स्त्रियांबद्दलच्या पूर्वग्रहाची दोन तोंडं वेगळी करून मोजायची पद्धत मांडली. एक उघड वैराचं. बायका कांगावा करतात, पुरुषांना खेळवतात, वगैरे. दुसरं गोड. बायका पवित्र, नाजूक, त्यांना जपलं पाहिजे. दुसरं ऐकायला बरं वाटतं आणि पुष्कळ बायकांनाही ते मान्य असतं. पण जपणूक मिळते ती 'चांगल्या' बाईला. म्हणून आरोप झाला की आधी ती चांगली आहे का, हे तपासायचं काम सुरू होतं. कपडे, मद्य, आधीचे संबंध, घटस्फोट, तिनेच पाठवलेला एखादा हसरा संदेश. पत्रकार परिषद त्याची असते आणि फोटो तिचे फिरतात.

ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये एका माजी तरुण कर्मचारी स्त्रीने संसदेच्या इमारतीतच आपल्यावर बलात्कार झाल्याचं सांगितलं. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले की पत्नीने आपल्याला या गोष्टीकडे आधी बाप म्हणून बघायला सांगितलं, आपल्या मुलींच्या बाबतीत असं झालं असतं तर काय वाटलं असतं ते. त्यांना ते सहानुभूतीचं वाटलं असणार. पण ग्रेस टेम या कार्यकर्तीने लगेच म्हटलं की सदसद्विवेक असायला मुलंबाळं असावी लागत नाहीत. मला टेम यांचं पटतं. कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बहीण म्हणूनच जिचं दुःख समजतं, तिचं नागरिक म्हणून म्हणणं ऐकायचं राहून जातं. त्याच वर्षी तिथल्या संसदेतल्या कामाच्या वातावरणाची स्वतंत्र पाहणी झाली, आणि तीनपैकी एकाने तिथे लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. हा आकडा बापाच्या मायेने कमी होणारा नव्हता. तिथे नोकरीच्या अटी आणि तक्रारीची सोय बदलायला हवी होती.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पुरुषाने केलेल्या वर्तनाचा हिशेब राजकारणातल्या दुसऱ्या बायकांकडून वसूल केला जातो. 2017 च्या शेवटी सिनेटर अल फ्रँकन यांच्यावर अनेक स्त्रियांनी आरोप केले. त्यांच्याच पक्षाच्या तीसहून अधिक सिनेटरांनी राजीनामा मागितला, सिनेटमधले पक्षनेते चक शूमर यांनीसुद्धा. पण 'फ्रँकनना संपवणारी' म्हणून लक्षात राहिल्या सिनेटर क्रिस्टन जिलिब्रँड, कारण त्या सगळ्यात आधी बोलल्या. त्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीत उतरल्या तेव्हा सभांमधून, मुलाखतींमधून हाच प्रश्न परत परत आला, आणि पक्षाला पैसा देणारे काही मोठे लोक उघडपणे नाराज राहिले. शूमर यांच्या मागे तो प्रश्न असा लागला नाही. याउलट 2018 च्या सुनावणीत समितीतले अकराही रिपब्लिकन पुरुष होते, आणि पुरुषांनी फोर्ड यांना प्रश्न विचारताना दिसू नये म्हणून त्यांनी रेचल मिचेल यांना बोलावलं. मिचेल या लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या अनुभवी सरकारी वकील. त्यांची ओळख पक्षाच्या नेत्याने करून दिली ती 'महिला सहायक' अशी. दुपारी कॅव्हनॉ बसले आणि थोड्याच वेळात मिचेल यांना बाजूला ठेवून सिनेटर स्वतः बोलू लागले. बाईची गरज बाईला प्रश्न विचारण्यापुरतीच होती.

पुरुष तक्रारदाराचं काय? त्याच्यावर वेगळ्या तऱ्हेने अन्याय होतो. टेरी क्रूज हे धिप्पाड अभिनेते 2018 च्या जूनमध्ये सिनेट समितीपुढे आले. चित्रपटसृष्टीतल्या एका बड्या माणसाने एका समारंभात आपल्या गुप्तांगाला हात घातल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हा सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी विचारलं, तुम्ही तर इतके मोठे, ताकदवान आहात, मग काही केलं का नाहीत? क्रूज यांनी शांतपणे सांगितलं की चिथावणीने हात उचलून तुरुंगात गेलेले किंवा मारले गेलेले कितीतरी काळे तरुण आपण पाहिले आहेत. विचारणारी बाई, तीही स्त्रियांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं बोललेली. बाईला विचारतात 'तू ओरडली का नाहीस?', पुरुषाला विचारतात 'तू मारलं का नाहीस?' आरोपी बाई असेल तर आणखी गोंधळ होतो. लोक एकतर हसण्यावारी नेतात, नाहीतर 'आता बघा, बायकाही तशाच' म्हणून त्या एका तक्रारीने आधीच्या सगळ्या तक्रारी पुसून टाकायला बघतात.

इतका उशीर का, या प्रश्नावर थोडक्यात. भारतात 2018 मध्ये एम. जे. अकबर केंद्रात राज्यमंत्री असताना, संपादकपदाच्या काळातल्या वर्तनाबद्दल अनेक पत्रकार स्त्रियांनी त्यांच्यावर आरोप केले. त्यांनी ते नाकारले, आरोप करणाऱ्यांपैकी प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला आणि पद सोडलं. 17 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडताना म्हटलं की स्त्रीला आपली तक्रार कित्येक दशकांनंतरही, तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडायचा अधिकार आहे. माझ्यापुढे आलेल्या तक्रारींत तत्काळ आलेल्या बोटावर मोजण्याइतक्या. नोकरी, घर, ज्याच्याकडे तक्रार करायची तो त्याचाच मित्र, अशी कारणं असतात. उशीर हा पुरावा गोळा करायला अडचणीचा असतो, हे खरं. पण त्यावरून खोटेपणा ठरत नाही.

खोट्या तक्रारी होतात का? होतात. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारींवरच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण 2 ते 10 टक्क्यांत येतं. मी हा आकडा दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगते आणि दोन्ही बाजू नाराज होतात. 'खोट्या तक्रारींचं पीक आलंय' म्हणणाऱ्यांना तो फार कमी वाटतो, आणि 'बाई खोटं बोलूच शकत नाही' म्हणणाऱ्यांना तो असूच नये असं वाटतं. समोरच्या एका प्रकरणात काय घडलं हे मात्र कोणताही सरासरी आकडा सांगत नाही. त्यासाठी ते प्रकरण उघडून बघावंच लागतं.

नीट बघितलं तर काय होतं, याचं एक उदाहरण 2023 चं आहे. ई. जीन कॅरल या लेखिकेने ट्रम्प यांच्यावर बलात्काराचा आरोप करून भरलेल्या दिवाणी दाव्यात कॅरल यांना उलटतपासणीत विचारलं गेलं की तुम्ही ओरडला का नाहीत. त्या म्हणाल्या, मी ओरडले असेन किंवा नसेन, त्याने माझ्यावर बलात्कार केला. ज्यूरीत सहा पुरुष आणि तीन स्त्रिया होत्या. तीन तासांच्या आत त्यांनी एकमताने निकाल दिला. न्यूयॉर्कच्या कायद्यातल्या व्याख्येनुसार बलात्कार सिद्ध झाला नाही, लैंगिक अत्याचार आणि बदनामी सिद्ध झाली, 50 लाख डॉलर भरपाई. बाहेर देश पक्षांनुसार दुभंगलेलाच होता, आणि पुढच्याच वर्षी ट्रम्प पुन्हा निवडून आले. पण त्या खोलीत नऊ जणांनी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त साक्षी ऐकल्या होत्या.

तुम्ही शेवटी विचारलंत, मत कसं बनवायचं. मी तुम्हाला प्रशिक्षणातला एक सराव सांगते, घरीही करता येईल. दोन पानांची एक काल्पनिक तक्रार मी वाटते. प्रचाराच्या दौऱ्यात उमेदवाराने कार्यकर्तीला रात्री उशिरा भाषणाचा मसुदा दाखवायला खोलीवर बोलावलं, इथून ती सुरू होते. अर्ध्या प्रतींत उमेदवार एका पक्षाचा, अर्ध्यांत दुसऱ्या. काही प्रतींत तक्रारदार पुरुष. शंका वाटेल त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. 'दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे कामावर आली' या वाक्याखाली रेघ येते ती बहुतेक वेळा उमेदवार स्वतःच्या आवडत्या पक्षाचा असेल तेव्हा. तक्रारदार पुरुष असेल तर रेघ सरकते आणि 'दार उघडंच होतं' या वाक्याखाली जाते. रेघा मारण्यात बायका आणि पुरुष यांच्यात मला फारसा फरक दिसलेला नाही.

दुसऱ्या फेरीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला सांगते. काय घडलं, कधी, कुठे, कोणी पाहिलं, काय लिहून ठेवलेलं आहे, हे डावीकडे. माणूस कसा वाटला, रडला की हसली, राग आला का, कपडे, आवाज, हे उजवीकडे. निर्णयाआधी उजवी बाजू फाडून माझ्याकडे द्यायची. पहिल्यांदा हे करणाऱ्या बहुतेकांच्या हातात राहिलेला डावा भाग अर्ध्याहून जास्त कोरा असतो. मग आम्ही तक्रार पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतो.